एसक्यूलाइट वापरून बघितलं: दूध संस्थेतल्या सलग पाळ्यांची मोजणी

करवीर तालुक्यातल्या नदीकाठच्या एका दूध संस्थेत मी सेक्रेटरी आहे. २०२४ च्या दिवाळीला मंडळानं ठराव केला: १ एप्रिल ते ३० सप्टेंबर, खंड न पाडता सर्वांत जास्त पाळ्या दूध घातलेल्या सभासदाला दूध दर फरकाच्या रकमेबरोबर पेंडीचं पोतं. सभासद १८६, पाळ्या रोज दोन, सकाळ आणि संध्याकाळ. रजिस्टरवर बोट फिरवत तीन रात्री गेल्या आणि तिन्ही वेळा आकडे वेगळे आले.

मग भाच्यानं एसक्यूलाइट, म्हणजे नोंदी साठवून त्यांतून हवं ते काढून देणारं सॉफ्टवेअर, घालून दिलं. फुकट आहे, सगळा डेटा एकाच फाइलीत राहतो, पेनड्राइव्हवर घरी नेता येतो. फक्त आवृत्ती ३.२५ किंवा पुढची हवी. विंडो फंक्शन (इतर ओळींच्या हिशेबानं प्रत्येक ओळीला क्रमांक वगैरे देणारी) २०१८ मध्ये त्याच आवृत्तीत आली.

मोजायची रीत मला फार आवडली. सभासदाच्या नोंदींना (दिवसाला एक धरून) रो-नंबरनं ओळीनं १, २, ३ असे क्रमांक द्यायचे आणि ते तारखेतून वजा करायचे. १, २, ३ तारखेला दूध घातलं, ४ ला नाही, ५ आणि ६ ला परत घातलं. क्रमांक १ ते ५, वजाबाकी ०, ०, ०, १, १. खंड पडला की आकडा बदलतो. सारख्या आकड्यांवर ग्रुप बाय केलं, म्हणजे गट पाडले, की सलग तुकडे वेगळे होतात. मी हे वहीवर करून बघितलं, तेव्हाच विश्वास बसला.

पण पहिल्या यादीत एका मावशींची साखळी जुलैत तुटलेली दिसली. त्या दारात येऊन म्हणाल्या, "सेक्रेटरी, माझी म्हस आटली न्हाई, मी एक पाळी चुकवली न्हाई." खरं होतं. जुलैअखेर पंचगंगेनं ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली, रस्ता पाण्याखाली गेला आणि चार दिवस आमचं संकलनच बंद होतं. त्यांनी दूध घालायचं कुठं?

म्हणून तारीख सोडली. डेन्स-रँक (एकाच पाळीला सगळीकडे एकच क्रमांक, मधला न गाळता), ओव्हर ऑर्डर बाय तारीख, पाळी (म्हणजे या क्रमानं): याच्यानं अख्ख्या संस्थेच्या पाळ्यांना क्रमांक दिले. त्यातून रो-नंबर वजा केला, त्यात पार्टिशन बाय सभासद, म्हणजे प्रत्येक सभासदाचे क्रमांक १ पासून वेगळे. ज्या पाळीला कुणाचंच दूध आलं नाही, ती मोजणीतच येत नाही. एवढं मात्र सांभाळा: गाय आणि म्हैस अशा एकाच पाळीच्या दोन नोंदी असतात, त्या आधी डिस्टिंक्टनं एक करून घ्या. पाळीही अक्षरात न लिहिता १ आणि २ लिहा, नाहीतर क्रम लावताना 'संध्याकाळ' 'सकाळ'च्या आधी येते. एसक्यूलाइटमध्ये तारखेचा वेगळा प्रकार नाही, ती मजकूर किंवा आकडा म्हणून ठेवता येते, मी मजकूर म्हणून ठेवली. २०२४-०७-०५ अशीच भरा.

साठ हजारांच्या आसपास ओळी, निकाल दोन-तीन सेकंदांत. पाचपैकी पाच देतो. मावशींच्या ३६६ पाळ्यांतल्या पुराच्या ८ गळाल्या, उरलेल्या ३५८ सलग निघाल्या. पोतं मी आणि शिपायानं त्यांच्या गोठ्यात नेऊन ठेवलं.