दम छातीचा, व्यायाम पायांचा : परळच्या श्वसन पुनर्वसन वर्गाचा अनुभव

लालबागच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहणारे माझे वडील चाळीस वर्षे विडी ओढत होते. सीओपीडीचे, म्हणजे श्वासमार्ग कायमचे अरुंद होण्याच्या फुप्फुसांच्या जुनाट आजाराचे, निदान झाल्यावर त्यांनी विडी सोडली, पंप नियमित घेतला. तरीही जिना चढताना ते दुसऱ्या मजल्यावर थांबत आणि विचारले तर दम लागला असे न म्हणता ‘पायच उचलत नाहीत’ असे सांगत. आम्ही ते वयावर ढकलले होते. परळच्या एका रुग्णालयातील श्वसन पुनर्वसन वर्गात मात्र ही तक्रार पहिल्याच दिवशी गांभीर्याने घेतली गेली.

तिथल्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी बाबांना हात न टेकता खुर्चीवरून पाच वेळा उठायला लावले, सहा मिनिटांत किती चालता येते ते मोजले आणि मग समजावले की हा आजार छातीपुरता राहत नाही. दम लागतो म्हणून माणूस हालचाल टाळतो, त्यामुळे मांडीचे स्नायू झडतात, आणि झडलेले स्नायू थोड्या श्रमातही थकून अधिक दम लावतात. शरीरात सतत राहणारा दाह, रक्तात कमी पडणारा ऑक्सिजन, श्वास घेण्यातच खर्च होणारी ऊर्जा आणि वारंवार घ्याव्या लागणाऱ्या स्टिरॉइडच्या गोळ्या यांची त्यात भर पडते; शिवाय मांडीतील दीर्घकाळ काम करणारे तंतू घटून लवकर थकणाऱ्या तंतूंचे प्रमाण वाढते. फुप्फुस बिघडण्याआधीही धूम्रपानामुळे स्नायूंतील प्रथिननिर्मिती मंदावते, हे ऐकताना बाबा मान खाली घालून बसले होते.

आठ आठवडे, आठवड्यातून दोनदा, बोटाला ऑक्सिमीटर लावून सायकल, पायाला वजनाचे पट्टे बांधून व्यायाम आणि शीळ घालताना करतो तसे ओठ करून सावकाश श्वास सोडण्याचा सराव झाला. फुप्फुसांची क्षमता मोजणाऱ्या फुंकण्याच्या चाचणीचे आकडे फारसे बदलणार नाहीत हे ताईंनी आधीच सांगितले होते आणि ते बदललेही नाहीत. पण बाबा आता संथ गतीने का होईना, न थांबता घरापर्यंत चढतात.

आहाराची बाजू मात्र कच्ची वाटली. वजन उतरलेल्या रुग्णालाही सर्वांसाठीचाच छापील कागद मिळाला. डाळी, अंडी किती घ्यावीत हे विचारून घ्यावे लागले. घरी करायच्या व्यायामाचा तक्ताही पहिल्याच आठवड्यात मागून घ्यावा, कारण सराव सुटला की कमावलेली ताकद काही महिन्यांत ओसरते.