ट्रिपॅनोसोमचा आरएनए सिक्वेन्सिंगला देताय? मग हे वाचा
कंपनीचं नाव नाही घेत, पण सर्व्हिसबद्दल लिहितो. आमचे सँपल ट्रिपॅनोसोमा ब्रुसीचे (त्सेत्से माशीतून पसरणारा एकपेशी परजीवी), रक्तातल्या स्टेजला ३७ डिग्रीवरून २७ वर आणायचं, सिस-अकोनिटेट (हा बदल सुरू करून देणारं रसायन) टाकायचं आणि ती त्सेत्से माशीच्या आतड्यातल्या स्टेजमध्ये बदलत असताना मधे मधे आरएनए काढायचा. डेटा मस्त आला, व्हीएसजीचा (रक्तातल्या स्टेजच्या पृष्ठभागावरचं प्रोटीन) एमआरएनए, म्हणजे प्रोटीन बनवायची जीनची प्रत, घसरतोय, प्रोसायक्लिनचा (माशीतल्या स्टेजचं तसंच प्रोटीन) चढतोय, एकदम क्लीन.

पण त्याआधी क्यूसीवाल्यांनी, म्हणजे दर्जा तपासणाऱ्यांनी, सँपल डिग्रेड झालंय म्हणून अडवून ठेवलं! अहो, या जीवाचा २८एस आरआरएनए (रायबोसोममधला मोठा आरएनए) मुळातच तुकड्यांत असतो, ग्राफ नेहमीसारखा दिसणारच नाही, आरआयएनवर (आरएनए किती शाबूत आहे याचा स्कोअर) काय विश्वास ठेवता? मेलवर मेल केले तेव्हा गाडी पुढे सरकली.

स्प्लाइस्ड लीडरच्या प्राइमरचा ऑप्शन मात्र घ्याच. प्रत्येक एमआरएनएच्या सुरुवातीला तोच ३९ न्यूक्लिओटाइडचा तुकडा असतो, त्यामुळे उंदराच्या रक्तातून काढलेल्या सँपलमधला उंदराचा आरएनए बऱ्यापैकी गाळला जातो. महाग आहे जरा. ॲनालिसिस पॅकेज नका घेऊ, तिथे सगळं माणसाच्या जीन्सच्या हिशोबाने, प्रमोटर (जीन चालू करणारा डीएनएचा भाग) शोधत बसतात, इथे जीन्स रांगेने एकत्र ट्रान्सक्राइब होतात आणि खरा कंट्रोल एमआरएनए किती टिकतो यावर. पाचपैकी साडेतीन.