फोटो एका बोटीचे, कागद दुसरीचे, आणि दारात उभी तिसरीच

जुन्या ट्रेलरवाल्या हाउसबोटी घेऊन दुरुस्त करायचं वेड इकडे अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या आपल्या बऱ्याच मंडळींना लागलंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. ओहायोमधल्या एका माणसाने मला साडेसात हजार डॉलरला चुना लावला. नाव लिहीत नाही कारण कोर्टाचं काम अजून संपलेलं नाही, पण पद्धत सगळी सांगतो, कारण तो एकटाच असं करत असेल असं मला वाटत नाही.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आपल्याला हाउसबोट म्हटलं की दल सरोवर नाहीतर अलेप्पी आठवतं, पण अमेरिकेत साठ-सत्तरच्या दशकात एक वेगळीच गंमत निघाली, म्हणजे फायबरग्लासची २५ फुटी बोट, वर अख्खी खोली, आत ओटा, सिंक, बाकाचा पलंग, एवढासा संडास, आणि हे सगळं ट्रेलरवर घालून गाडीमागे ओढत न्यायचं. रुंदी बरोब्बर ८ फूट, कारण तेव्हा परवान्याशिवाय रस्त्यावर तेवढंच चालायचं (आता साडेआठ चालतं). त्यातलं युकॉन डेल्टा हे नाव तुम्ही ऐकलं असेल. नवीन हाउसबोट घ्यायची आपली ऐपत नाही आणि मरीनाचं, म्हणजे बोटी बांधून ठेवायच्या धक्क्याचं, भाडंही परवडत नाही, म्हणून ही घराशेजारी उभी करायची, हिवाळ्यात गॅरेजमधे एकेक पार्ट घासत बसायचं आणि उन्हाळ्यात केंटकीच्या लेक कंबरलँडला मुलाबाळांना घेऊन जायचं. मी आधी अशीच एक दुरुस्त करून विकली होती, त्यामुळे या बोटींचं दुखणं कुठे असतं ते मला माहीत होतं. दुखणं म्हणजे ट्रान्सम, म्हणजे मागची उभी भिंत, जिथून इंजिनाचा ड्राइव्ह, म्हणजे पंखा फिरवणारा भाग, बाहेर येतो. बाहेरून फायबर, आत प्लायवुड, साधारण दीड इंच जाड. एका स्क्रूच्या भोकातून पाणी शिरलं की आतलं प्लाय वर्षानुवर्षं कुजत राहतं आणि बाहेरून काही कळत नाही. तीच गत खालच्या लांब पट्ट्यांची, ज्यांना स्ट्रिंगर म्हणतात.

तर जाहिरात होती १९७१ च्या बोटीची, "ट्रान्सम नवीन, पहिल्यापासून एकच मालक, ओहायोतच वापरलेली". मी फोन केला. साठीचा माणूस, तोंडात साखर, नातवंडांच्या गोष्टी सांगतो, बोट विकताना जीव तुटतोय म्हणतो. मी ट्रान्समचं विचारल्याबरोबर अर्ध्या तासात फोटोंचा ढीग पाठवला, जुनं सडकं प्लाय बाहेर काढलेलं, ढिगाने पडलेला भुसा, नवीन प्लायचे दोन थर क्लॅम्प लावून चिकटवलेले, वर ओली मॅट (काचेच्या धाग्यांचं कापड) आणि ते घट्ट करणारं रेझिन. रेझिनच्या पावत्या पण. शिवाय मरीन सर्व्हेयरचा, म्हणजे बोटी तपासणाऱ्या माणसाचा, रिपोर्ट, पीडीएफ, चांगला दहा-अकरा पानांचा, त्यावर संस्थेचा शिक्का, ट्रान्समपुढे "कोरडा, भक्कम" लिहिलेलं. आता एवढं सगळं कोण देतो? लोकांना इंजिनाचा एक धड फोटो पाठवायचा कंटाळा असतो.

ऑक्टोबरमधे बघायला गेलो. बोट ट्रेलरवर, पांढरा रंग ताजा, खाली निळा पट्टा. पाण्यात घालून बघूया म्हटलं तर म्हणे तलावाचं पाणी हिवाळ्यासाठी खाली सोडलंय, रॅम्प कोरडा पडलाय. हे खरंच होतं, तिकडे बऱ्याच तलावांत तसं करतात, येताना मी बघितलं होतं. मग त्याने ड्राइव्हला रबरी कानटोप घालून नळाचं पाणी जोडलं आणि इंजिन चालू करून दाखवलं. एका किल्लीत लागलं. मी बॉनेट उघडायच्या आधीच ते कोमट होतं, पण तो म्हणाला सकाळी चेक करून बघितलं.

मी हातोडी घेऊनच गेलो होतो. ट्रान्सम वाजवून बघायचा म्हणजे चांगल्या जागी टणटण वाजतो आणि कुजलेल्या जागी थपथप. पण त्याने आतून-बाहेरून दोन्हीकडे ॲल्युमिनियमची जाड चेकर प्लेट बसवलेली, "मजबुतीसाठी", आणि प्लेटवर कुठेही मारा, आवाज एकच. जिथे प्लेट नव्हती तिथे वरच्या पट्टीत मस्त टणटण. नोटरीसमोर टायटलवर सही करून दिली (टायटल म्हणजे मालकीचा सरकारी कागद, ओहायोत बोटीचा तो नोटरीशिवाय हलत नाही), ट्रेलरचे कागद वेगळे दिले, हातात हात घेऊन म्हणाला, बोटीला जप. मी बँकेचा चेक दिला आणि मिशिगनला घेऊन आलो.

आता गंमत. आमच्या ऑफिसमधे एक पोरगा आहे, मूळचा मालवणचा, त्याच्या वडिलांची फायबरची होडी आहे आणि लहानपणापासून मॅट-रेझिनमधेच वाढलेला. त्याला कौतुकाने बोट दाखवायला बोलावलं. त्याने वरच्या पट्टीवर नखाने खरवडलं, मग खिशातला चाकू काढून एक कोपरा उचकटला आणि हसायलाच लागला. "दादा, ह्यां ग्लास न्हय, लांबी भरल्यान हा." गाडीचा पोचा भरायला गॅरेजवाला लावतो ती लांबी! वरचं वीतभर सडकं लाकूड कोरून तिथे लांबी भरलेली, म्हणून तिथे टणटण वाजत होतं. आम्ही दोन्ही प्लेटा काढल्या. आतल्या बाजूने ड्रिलने बारीक भोक पाडलं तर बिटावर लाकडाचा भुसा नाही, काळपट चिखल आला आणि त्या भोकातून तपकिरी पाणी ठिबकायला लागलं, थांबेचना. वास असा की बायकोने गॅरेजचं दार बाहेरून लावून घेतलं.

मग मी फोटो मोठ्या स्क्रीनवर लावले आणि तिथे सगळा उलगडा झाला. माझ्या बोटीत ओएमसी कंपनीचा जुना ड्राइव्ह आहे, स्ट्रिंगरवर बसणारा, ज्याला ट्रान्सममधे मोठं गोलसर तोंड लागतं आणि त्याभोवती रबराचा मोठा बूट असतो, पाणी अडवायला. फोटोतल्या ट्रान्समला कुलपाच्या किल्लीच्या भोकासारखा कट होता. तो मर्क्रुझरचा, म्हणजे दुसऱ्याच बनावटीच्या ड्राइव्हचा. म्हणजे फोटो खरे, काम खरं, पावत्या खऱ्या, पण बोट दुसरीच! सगळे फोटो इतके जवळून काढलेले की आख्खं भोक फक्त एकाच फोटोत येतं, तेही अर्धवट क्लॅम्पच्या मागे.

रिपोर्टचंही तेच. सर्व्हेयरचा नंबर पीडीएफवरचा न घेता मी त्यांच्या संस्थेच्या यादीतून काढून फोन लावला. भला माणूस. म्हणाला, हो, ही बोट मी तपासली होती, मर्क्रुझर होतं, ती विकली गेली. माझ्याकडच्या पीडीएफमधे इंजिनाची माहिती आणि बोटीचा नंबर असलेलं पानच नव्हतं. मला आधी ते जाणवलंही नसतं कारण पानांचे आकडे कापून टाकलेले होते.

तरी म्हटलं टायटल तर आहे, ट्रान्सम परत घालू, नाहीतरी वेडच आहे. पुढच्या बाजूचा रंग घासायला घेतला. रंगाखाली जुन्या नोंदणीच्या अक्षरांची सावली राहते, स्टिकर असेल तिथे उन्हाने फायबर पिवळं पडत नाही ना, तशी. आधी एक उभी रेघ दिसली, मग तिरकी, आणि पुसून बघतो तर केंटकीची दोन अक्षरं, केवाय! पहिल्यापासून ओहायोत, एकच मालक, असं जिचं टायटल आहे तिच्या नाकावर केंटकीचा नंबर कसा? नंतर त्याच गावच्या एका मेकॅनिककडून कळलं ते असं की या माणसाकडे अशा तीन बोटी होत्या. एक नीट दुरुस्त केली आणि विकली, फोटो आणि रिपोर्ट तिचे. एक पार्टसाठी तोडून कापून टाकली, टायटल तिचं. आणि तिसरी कुठल्यातरी मरीनात बेवारस पडलेली आणली, ती माझ्या दारात.

हे जमलं कसं तर बोट १९७१ ची म्हणून. १९७२ च्या नोव्हेंबरपासून इथे प्रत्येक नवीन बोटीच्या मागे उजव्या बाजूला १२ अक्षरी ओळख नंबर, एचआयएन, असायची सक्ती झाली. त्याआधीच्या बोटींना कंपनीची छोटी पत्र्याची पट्टी रिव्हेटने मारलेली असायची, आणि ती "रंग देताना काढली, कुठे गेली सापडेना". विक्रेत्याच्या तोंडून हे वाक्य आलं की गाडी वळवा आणि घरी या, मग पुढे त्याला कितीही नातवंडं असोत. प्लेटेबद्दलही माझं आता हेच मत आहे, जुन्या ट्रान्समवर दोन्हीकडून धातूची प्लेट म्हणजे खाली काहीतरी झाकलंय. फोटो मागाल तेव्हा एकाच फ्रेममधे नंबर, ड्राइव्ह आणि मागची खिडकी येईल असे मागा, आजच्या आज काढून. सर्व्हेयर आपला आपण पाठवा, पाच-सहाशे डॉलर जातात, जाऊ देत. ओएमसीचा असा ड्राइव्ह असेल तर रबरी बुटाला हात लावून बघा. माझ्या बुटाला आतल्या घडीत चांगली बोटभर चीर होती, तिच्यावर काळा सीलंट फासलेला आणि त्यात त्या माणसाच्या बोटांचे ठसे वाळून राहिलेले. ती बोट पाण्यात गेली असती तर तासाभरात तळाला, आणि मुलं त्यातच झोपलेली असती. ओएमसी कंपनी २००० साली बुडाली, हे बूटही शोधत फिरावं लागतं.

पोलिसांकडे गेलो. त्यांनी चोरीच्या यादीत बघितलं, बोट त्यात नाही, बाकी दिवाणी मामला. ओहायोत स्मॉल क्लेम्सला, म्हणजे छोट्या दाव्यांच्या कोर्टाला, ६००० डॉलरची मर्यादा आहे, वरच्या दीड हजारावर पाणी सोडून तिथे दावा टाकला, वकील लागत नाही एवढं बरं. सर्व्हेयरने पत्र दिलं, चांगल्या बोटीच्या मालकानेही आपले फोटो दिले. विकणारा तारखेला आलाच नाही, निकाल माझ्या बाजूने लागला. पण निकाल म्हणजे कागद, वसुली आपली आपण करायची, आणि बँक खातं कुठे आहे ते शोधायचं काम सध्या चालू आहे. ज्या बँकेत माझा चेक वटला ते खातं रिकामं आहे.

बोटीचं म्हणाल तर मिशिगनमधे २० फुटांवरच्या बोटीला टायटल लागतं, ते माझ्या नावावर होत नाही, त्यामुळे पाण्यात घालता येत नाही, विकताही येत नाही. भंगारवाल्याला बोलावलं तर तोही टायटल मागतो. ट्रेलरचे कागद तेवढे खरे निघाले, त्याला गिऱ्हाईकही आहे, पण बोट उतरवून ठेवायची कुठे ते अजून ठरलेलं नाही.