ग्रीसच्या सायक्लेडीझ बेटांवर मोठी फेरी बोट आणि 'केटेल' बस

पिरियस (अथेन्सचं बंदर) ते नाक्सोस बेट मोठ्या फेरी बोटीने साधारण साडेपाच तास, वेगवान बोटीने साडेतीन-चार. तरीही पसंती मोठीलाच: तिकीट स्वस्त, उघड्या डेकवर बसता येतं आणि जुलै-ऑगस्टमधल्या मेल्तेमी या उत्तरेकडच्या जोरदार वाऱ्यात आधी रद्द होतात त्या वेगवान बोटी. म्हणूनच परतीचं विमान बोटीच्याच दिवशी ठेवू नका.

बेटांवर केटेल या ग्रीक बससेवेच्या बस खरंच उत्तम. नाक्सोसला बसस्थानक धक्क्याजवळच. तिकीट चढण्याआधी काढायचं. सांतोरिनी बेटावर मात्र जवळपास सगळे मार्ग 'फिरा' या मुख्य गावालाच येतात, त्यामुळे ईयाहून पेरिसाला जायचं तर तिथे बस बदलावी लागते. सूर्यास्तानंतर ईयाहून सुटणाऱ्या बस खच्चून भरतात. थोडं आधीच थांब्यावर पोहोचा. हिवाळ्यात बसच्या फेऱ्या बऱ्याच कमी होतात.