अंबडहून वणीला माल: छोट्या ट्रान्सपोर्टवाल्याकडचा काही महिन्यांचा अनुभव

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आमचं कंट्रोल पॅनेल (मोटर-पंप चालवायची विजेची कपाटं) बनवायचं छोटं युनिट आहे. त्यातला बराचसा माल यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीला जातो. वणी ही कापसाची जुनी बाजारपेठ आणि आजूबाजूला वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणी. खाणीतलं पाणी उपसणाऱ्या पंपांना ही पॅनेल लागतात. एखाद्या खाणीत कोळसा काढणं थांबलं, तरी शेजारची चालू असेल तर उपसा बंद करता येत नाही, त्यामुळे मागणी टिकून आहे.

गेल्या पावसाळ्यापासून हा माल आम्ही आडगाव ट्रक टर्मिनलजवळच्या एका गाडीमालकाकडे देतो. स्वतःच्या मोजक्या गाड्या, बहुतेक आयशर, ऑफिसात मालक आणि त्यांचा मुलगा. त्याआधी एका मोठ्या पार्सल कंपनीकडे जायचो. किलोमागचं भाडं पाहिलं तर हे महाग पडतात. तरीही मी परत जाणार नाही, कारण यांच्याकडे अंबडला भरलेली गाडीच वणीत खाली होते.

पार्सल कंपनीच्या पार्ट लोडमध्ये, म्हणजे अनेकांचा माल एकत्र नेताना, पॅनेल आधी नाशिकच्या गोदामात उतरायचं, मग दुसऱ्या गाडीत, मग विदर्भातल्या गोदामात, मग वणीच्या टेम्पोत. प्रत्येक वेळी हमाल नवे, आणि ‘उभं ठेवा’चा बाण कोण बघतो? आडव्या पडलेल्या पॅनेलचे टर्मिनल (वायरी जोडायच्या जागा) ढिले होतात, बसबारचे (आतल्या वीज वाहणाऱ्या धातूच्या पट्ट्यांचे) सपोर्ट तडकतात. बाहेरून पत्रा धड असतो, म्हणून गिऱ्हाईक पोच (माल मिळाल्याची पावती) सही करून देतं, आणि दार उघडल्यावर आमचा फोन वाजतो. एकदा तर माल सप्तशृंगीच्या वाटेवरच्या, आपल्या दिंडोरी तालुक्यातल्या वणीला जाऊन बसला. तेव्हापासून पत्त्यावर ४४५३०४ हा पिनकोड ठळक मारतो.

आता गाडी सिन्नरजवळ गोंद्याला समृद्धी महामार्गावर चढते आणि वर्ध्याजवळ उतरून हिंगणघाट, वरोरामार्गे वणीला पोचते. ड्रायव्हरकाकांचा अनुभव असा की मालाला खड्डे बसत नाहीत, पण एकसुरी काँक्रीटवर झोप येते आणि टायर तापतात. मालक त्यांना रात्रभर गाडी ओढायला लावत नाहीत, वाटेत मुक्काम करायला सांगतात. यात माल उशिरा पोचला तरी माझी तक्रार नाही. ई-वे बिलाची (माल नेताना लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाची) मुदत २०० किलोमीटरला एक दिवस अशी मोजतात. हे अंतर सहाशेच्या वर असल्याने चार दिवस मिळतात, ते पुरतात. गाडी बदलली की त्या बिलातला गाडीच्या नंबरचा भाग, पार्ट ‘बी’, बदलावा लागतो, तो व्यापही इथे उरत नाही.

भरणीच्या आधी गाडीचा डाला (माल ठेवायचा मागचा भाग) झाडून, पुसून घ्या, हे कळकळीने सांगतो. कोळसा पट्ट्यात फिरणाऱ्या गाडीत भुकटी फळ्यांच्या सांध्यात बसते. ती पॅनेलमध्ये शिरली आणि वर ओलावा मिळाला की इन्सुलेटरवरून करंट सरकायला लागतो. मालकांनी स्वतःहून सांगितलं, “साहेब, वणीहून येताना मी रुईच्या गाठी भरतो, कोळसा नाही. गाठीवाल्यांनाही डाला स्वच्छच लागतो.” परतीचं भाडं असं पक्कं असल्यामुळेच त्यांना हा मार्ग परवडतो.

बिल्टीचं (ट्रान्सपोर्टवाला देतो त्या मालाच्या पावतीचं) थोडं सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडे ती कुणी वाचत नाही. कॅरेज बाय रोड अॅक्ट, २००७ आणि त्याखालच्या नियमांनुसार, जादा जोखमीचा दर ठरवलेला नसेल तर नुकसानीची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंतच असते. म्हणजे समजा भाडं ३,००० असेल तर फार तर ३०,००० रुपये, मग पॅनेल दोन लाखांचं का असेना. शिवाय दाव्याची लेखी नोटीस माल बुक केल्यापासून १८० दिवसांत द्यावी लागते. यांनी पहिल्याच दिवशी हे समोर बसवून समजावलं, मालाची किंमत बिल्टीवर लिहिली आणि ट्रान्झिट विमा आमचा आम्ही काढावा असं स्पष्ट सांगितलं. धंदा हातात येत असताना असं बोलणारा माणूस मला मोलाचा वाटतो. पोचही सही-शिक्क्यासह पुढच्या फेरीत हातात मिळते. ती नसेल तर आमचं बिल गिऱ्हाईकाकडे अडकतं.

उणिवाही आहेत. गाडी रोज सुटत नाही. लोड भरेपर्यंत दोन-तीन दिवस थांबावं लागतं, आणि कांद्याचा जोर असला की आणखी. मोबाईलवर गाडी दिसत नाही, ड्रायव्हरला फोन करावा लागतो, रेंज नसली की तोही लागत नाही. वणीत खाली करायला क्रेन उशिरा आली तर हॉल्टिंग (गाडी थांबल्याचं जादा भाडं) लागतं. ते कोणी भरायचं हे बुकिंगलाच ठरवून घ्या. हमाली आणि वाराईचंही (गाडी भरण्या-उतरवण्याचे गाडीवाल्याकडून घेतले जाणारे पैसे) तसंच, बिल्टीवर लिहून घेतलेलं बरं.

चंद्रपूरचा सुटा माल मात्र अजून जुन्याच पार्सल कंपनीकडे देतो. तिकडे यांची गाडी नेमाने जात नाही, आणि तो माल खोक्यातल्या केबल ग्लँड आणि लग्जचा (केबल बसवायच्या-जोडायच्या छोट्या धातूच्या वस्तूंचा) असतो, चार वेळा उचलला तरी त्याला काही होत नाही.