विंडोज ११ चा ‘सिक्युरिटी’ टॅब: सामायिक संगणकाला पुरेसा

एका संगणकावर चौघे काम करत असतील, तर फोल्डर लपवणारं सॉफ्टवेअर विकत घेऊ नका. फोल्डर कोणी उघडायचा हे ठरवणारी विंडोजमधली सोय त्याहून भक्कम आहे आणि होम आवृत्तीतही मिळते. ड्राइव्ह मात्र एनटीएफएस (फाइल साठवण्याची विंडोजची पद्धत) हवा. एक्सफॅट या दुसऱ्या पद्धतीच्या पेनड्राइव्हवर ‘सिक्युरिटी’ टॅब दिसतच नाही.

फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये सिक्युरिटी, मग अ‍ॅडव्हान्स्ड उघडा. आधी ‘डिसेबल इनहेरिटन्स’ (वरच्या फोल्डरकडून परवानग्या घेणं बंद) दाबून ‘कन्व्हर्ट’ (आलेल्या परवानग्या याच फोल्डरच्या करणं) पर्याय घ्या, नाहीतर ‘यूजर्स’ची, म्हणजे संगणकावरच्या सगळ्या खात्यांच्या गटाची, नोंद काढताच येत नाही. ती आणि ‘ऑथेंटिकेटेड यूजर्स’ (लॉगिन केलेली खाती) काढा, हव्या त्या खात्याला ‘मॉडिफाय’ (वाचणं, बदलणं, पुसणं) द्या. ‘फुल कंट्रोल’ नको. त्याने परवानग्याही बदलता येतात. ‘डिनाय’ (मनाई) तर टाळाच: ‘यूजर्स’ गटाला लावलंत की स्वतःही बाहेर राहाल.

खरी उणीव वेगळीच. त्याच ड्राइव्हवर फाइल कट-पेस्ट केली की जुन्या परवानग्या सोबत येतात. कॉपी केली तर नव्या फोल्डरच्या लागू होतात. विंडोज याची सूचना देत नाही, म्हणून गोपनीय फोल्डरात फाइल कॉपीच करा आणि मूळ पुसा.

शिवाय बाकीच्यांची खाती ‘स्टँडर्ड’ (मर्यादित अधिकारांची) ठेवा. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर कुठल्याही फोल्डरची मालकी घेऊ शकतो.