युनिव्हर्सल एफक्यूए कॅल्क्युलेटर: प्रेरीचा दर्जा मोजायला बसलेल्या माणसासाठी

शिकागोच्या पश्चिमेकडच्या उपनगरांतून शनिवारी सकाळी प्रेरीवर, म्हणजे इथल्या मूळच्या गवताळ माळावर, कामाला येणाऱ्यांत आता आपली मराठी माणसंही दिसतात. थंडीत बकथॉर्न हे घुसखोर झुडूप तोडायचं, बुंध्यांना औषध लावायचं, ऑक्टोबरात बी गोळा करायचं. अंग मोडून काम करतात सगळे. मग दोन-तीन वर्षांनी कुणीतरी विचारतंच, "एवढं केलं, पण जमीन सुधारली का?" नुसतं बघून याचं उत्तर देता येत नाही. हिरवं तर तणही दिसतं. त्यासाठी मी जी वेबसाइट वापरते तिचा हा रिव्ह्यू. नाव युनिव्हर्सल एफक्यूए (फ्लोरिस्टिक क्वालिटी असेसमेंट, म्हणजे वनस्पतींवरून जागेचा दर्जा ठरवणं) कॅल्क्युलेटर, पत्ता युनिव्हर्सलएफक्यूए डॉट ऑर्ग. पैसे पडत नाहीत, खातं उघडावं लागतं. माझे पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा का कापला ते पुढे येईलच.

आधी हिशोब काय आहे ते सांगते. शिकागोजवळच्या लाईल गावात मॉर्टन आर्बोरेटम हे वृक्षोद्यान आहे. तिथले वनस्पतिशास्त्रज्ञ फ्लॉइड स्विंक आणि जेराल्ड विल्हेल्म यांनी 1970 च्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत मांडली. तिच्यात या परिसरातल्या प्रत्येक देशी, म्हणजे मूळच्या इथल्याच, वनस्पतीला 0 ते 10 मधला एक आकडा असतो. त्याला सी व्हॅल्यू म्हणतात. उकरलेल्या मातीत, रस्त्याच्या कडेला, कुठेही उगवते तिला 0. जिथली माती, पाणी आणि सोबतच्या वनस्पती मूळच्या राहिल्या आहेत तिथेच टिकते तिला 10. जागेवर सापडलेल्या सगळ्या देशी जातींच्या सी व्हॅल्यूंची सरासरी काढायची, तो झाला मीन सी. त्याला जातींच्या संख्येच्या वर्गमुळाने गुणलं की एफक्यूआय, म्हणजे फ्लोरिस्टिक क्वालिटी इंडेक्स. हे सगळं पूर्वी हाताने किंवा एक्सेलवर करायचे. विल्यम फ्रेमन, लिंडा मास्टर्स आणि स्टीफन पॅकार्ड यांनी ते वेबवर आणलं आणि 2016 मध्ये त्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. यातले पॅकार्ड म्हणजे 1977 मध्ये शिकागो नदीच्या नॉर्थ ब्रांचवर स्वयंसेवकांना घेऊन प्रेरी सावरण्याचं काम सुरू करणारे.

वेबसाइट दिसायला साधी आहे, आणि मला ते आवडतं. आधी आपल्या भागाची यादी निवडायची. मग इन्व्हेंटरी की ट्रान्सेक्ट ते ठरवायचं. इन्व्हेंटरी म्हणजे पूर्ण जागा फिरून जे दिसेल त्याची यादी. ट्रान्सेक्ट म्हणजे ठरावीक रेषेवर चौकटी टाकून प्रत्येक चौकटीत काय आहे आणि किती जागा व्यापतंय याची नोंद. शास्त्रीय नाव किंवा बोलीतलं नाव टाकून जाती भरत जायच्या. शेवटी मीन सी, एफक्यूआय, देशी किती, परकी किती, 0, 1 ते 3, 4 ते 6 आणि 7 ते 10 या गटांत प्रत्येकी किती टक्के, झाडं किती, झुडपं किती, गवतं किती, सगळं एका पानावर येतं. फाइल उतरवून ठेवता येते. अहवाल सर्वांसाठी खुला ठेवायचा की खाजगी हेही ठरवता येतं. मी खुले ठेवते. माझ्यानंतर त्या जागेवर काम करायला येणाऱ्याला आधी काय होतं ते कळलं पाहिजे.

या पानावरचं काय बघायचं? बहुतेक जण एफक्यूआयकडे धावतात, कारण तो मोठा दिसतो. स्विंक आणि विल्हेल्म यांचाच मापदंड असा की 35 च्या वर गेला तर जागा आख्ख्या परिसराच्या दृष्टीने मोलाची, 50 च्या वर असेल तर अतिशय दुर्मिळ, 20 च्या खाली असेल तर फारसं काही उरलेलं नाही. ऐकायला सोपं आहे, पण गणित करून बघा. एका जागेवर 16 देशी जाती, मीन सी 4. वर्गमूळ 4, म्हणून एफक्यूआय 16. दुसऱ्या जागेवर 64 जाती, पण सगळा सामान्य माल, मीन सी 2. वर्गमूळ 8, एफक्यूआय पुन्हा 16. आकडा एकच, जागांमध्ये मात्र जमीन-अस्मानाचं अंतर. जागा जितकी मोठी तितक्या जाती जास्त सापडणार, त्यामुळे मोठ्या जागेचा एफक्यूआय आपोआप फुगतो. दोन वेगवेगळ्या आकाराच्या जागांची तुलना करायची तर मीन सी बघा आणि गटवारी टक्के बघा.

आता परकी जाती. वरच्या 16 देशी जातींच्या जागेवर टीझल, पांढरा स्वीट क्लोव्हर, बकथॉर्न अशा 9 परकी जाती घुसल्या आहेत असं समजू. नुसत्या देशी जातींचा मीन सी 4 च राहतो, तो काही बोलत नाही. परक्या जातींना 0 धरून एकूण मीन सी काढला की 64 भागिले 25, म्हणजे 2.56. या दोन आकड्यांमधली फट म्हणजे तुमच्या हिवाळ्यातलं काम. ती वर्षागणिक कमी झाली तर करवत योग्य जागी चालते आहे. अॅडजस्टेड एफक्यूआय नावाचा आकडाही इथे मिळतो. तो देशी जातींची प्रत आणि परक्यांचं प्रमाण एकत्र करून 100 पैकी गुण देतो. याच उदाहरणात 32 येतात, परके नसते तर 40 आले असते. मंडळाच्या बैठकीत एकच आकडा सांगायची वेळ आली तर मी हा सांगते.

हे सगळं का करायचं ते डाउनर्स ग्रोव्हच्या बेलमाँट प्रेरीवर उभं राहिलं की समजतं. साधारण दहा एकरांचा तुकडा, चहूबाजूंनी घरं. इलिनॉयमध्ये एकेकाळी सुमारे 2 कोटी 20 लाख एकर प्रेरी होती. 1837 मध्ये जॉन डिअरने पोलादी नांगर काढला, ती काळी चिकट माती नांगराखाली आली, आणि आज मूळच्या चांगल्या अवस्थेतली प्रेरी जेमतेम अडीच हजार एकर उरली आहे. उरली तीही रेल्वेच्या कडेला, जुन्या स्मशानभूमींमध्ये, अशी अडगळीत. बेलमाँटवर ऑगस्टच्या शेवटी गुडघाभर उंचीचं, केसासारख्या बारीक पानांचं एक झुपकेदार गवत फुलतं, प्रेरी ड्रॉपसीड. वाकून फुलोऱ्याजवळ नाक नेलं की कोथिंबिरीसारखा वास येतो. स्विंक आणि विल्हेल्म यांच्या 1994 च्या शिकागो यादीत त्याची सी व्हॅल्यू 10 आहे. शेजारी रॅटलस्नेक मास्टर उभं असतं. आहे कोथिंबीर-ओव्याच्या कुळातलं, पण पान घायपातीसारखं लांब, जाड, कडेला विरळ काटे, आणि वर पांढुरके गोल गेंद. त्याच यादीत 9. कंपास प्लँटची करवती पानं उत्तर-दक्षिण कडा करून उभी राहतात, मुळं दहा-पंधरा फूट खोल जातात, त्याला 5. आणि पायवाटेच्या कडेला रॅगवीड, ज्याच्या परागांनी ऑगस्ट-सप्टेंबरात अर्धं शहर शिंकतं. तेही इथलंच, शंभर टक्के देशी. सी व्हॅल्यू 0.

हा शेवटचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. "देशी झाडं लावली" एवढ्यावर समाधान मानायची सवय लागली आहे. आमच्या वस्तीतल्या पावसाच्या पाण्याच्या तळ्याकाठी एका कंत्राटदाराने देशी लागवड केली. जुलैत बघितलं तर पिवळ्याधमक ब्लॅक-आयड सुसान आणि गोल्डनरॉड, फोटो काढावा असं. त्याच्या अहवालात देशी जातींनी किती टक्के जमीन झाकली एवढंच होतं, आणि ते चांगलंच होतं. यादी कॅल्क्युलेटरमध्ये टाकली तेव्हा 7 ते 10 च्या गटात काहीच नव्हतं. सगळा भरणा 0 ते 3 चा, कारण त्या जातींचं बी स्वस्त मिळतं आणि त्या लवकर फुलतात. असोसिएशनच्या बैठकीत मी ती गटवारी दाखवली, आणि पुढच्या करारात मीन सी ची अट घालायचं ठरलं. ही काही माझ्या डोक्यातून निघालेली गोष्ट नाही. पाणथळ जागा बुजवायच्या बदल्यात नवी तयार करून द्यावी लागते, तिथे आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्स या अमेरिकी लष्कराच्या अभियांत्रिकी विभागाचं शिकागो कार्यालय हेच निकष लावतं.

मी कराडला बॉटनी घेऊन बीएस्सी केलं. इथल्या यादीत पहिल्यांदा पार्थेनियम हे नाव वरच्या गटात दिसलं तेव्हा पेन खाली ठेवलं. आपल्याकडे पार्थेनियम म्हणजे गाजर गवत. 1950 च्या दशकात पुण्यात नोंद झाली आणि मग बांध, पडीक रानं, रेल्वे रूळ, काही सोडलं नाही त्याने. इथलं वाइल्ड क्विनीन, म्हणजे पार्थेनियम इंटेग्रिफोलियम, त्याचं सख्खं भावंड. भिंगाखाली फूल तेच. बारीक पांढरं गेंदेदार डोकं, कडेला पाच चिमुकल्या पाकळ्या. पान मात्र गाजरासारखं चिरलेलं नाही, अखंड आणि खरखरीत. हे भावंड चांगल्या प्रेरीतच राहतं, आणि बी लावून ते टिकलं की लोक खूश होतात. कुठली वनस्पती चांगली आणि कुठली वाईट हे कुळावरून किंवा नावावरून ठरत नाही. ती कुठल्या जागेवर, कुणाच्या सोबतीने उभी आहे यावर ठरतं. सी व्हॅल्यूची सगळी कल्पना इथेच उभी आहे, म्हणून एका प्रदेशाची यादी दुसऱ्या प्रदेशाला लावायची नाही.

आता वापरताना सांभाळायच्या गोष्टी. एकाच परिसराच्या वेगवेगळ्या वर्षांच्या याद्या इथे असतात. नव्या याद्यांत काही सी व्हॅल्यू बदलल्या आहेत, नावंही बदलली आहेत. जुन्या याद्यांमधले बरेचसे अॅस्टर आता सिम्फिओट्रिकम झाले आहेत. पहिल्या वर्षी जी यादी निवडली तीच पुढे चालवा, नाहीतर जमीन तशीच राहून आकडा हलेल. सर्व्हे एकदाच करून भागत नाही. वसंतातली फुलं मेमध्ये, कॅरेक्स या गवतासारख्या दिसणाऱ्या वनस्पती फळं धरतात तेव्हा मे-जूनमध्ये, उंच गवतं आणि अॅस्टर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. कॅरेक्स सोडून देण्याचा मोह होतो, कारण ओळखायला कठीण. पण ओल्या जागेची प्रत सांगणाऱ्या जाती त्यातच असतात. जाणकार सोबत घ्या. ही वेबसाइट वनस्पती ओळखून देत नाही. चुकीचं नाव टाकलं तर ती मुकाट्याने चुकीचं उत्तर देते.

अर्धा स्टार मी पद्धतीच्याच मर्यादेसाठी कापला आहे. इन्व्हेंटरीत एक काडी आणि एक एकर यांना सारखीच किंमत. नर्सरीतून कुंडीतलं ड्रॉपसीड आणून आज लावलं तर आजच 10 गुण जमा होतात, ते पुढच्या वर्षी जगो न जगो. म्हणून लागवडीच्या जागेवर पहिल्या काही वर्षांचा इन्व्हेंटरीचा आकडा मी गंभीरपणे घेत नाही. तिथे ट्रान्सेक्टच करावा. वेळखाऊ आहे, गुडघे दुखतात, पण खरं चित्र तेच देतं. दुसरं म्हणजे हा वनस्पतींचा हिशोब आहे, पाखरांचा नाही. आमच्या नेपरविलच्या स्प्रिंगब्रुक प्रेरीवर बोबोलिंक पक्षी घरटी करतात. त्यांना मोठं, सलग, उघडं गवत हवं असतं, आणि ते जुन्या चाऱ्याच्या कुरणातही भागवून घेतात, जिथे मीन सी अगदी खाली असेल. उलट बेलमाँटसारखा रत्नासारखा तुकडा त्यांना अपुरा पडतो. पक्ष्यांची आणि फुलपाखरांची मोजणी वेगळी करावी लागते.

इथल्या याद्यांत महाराष्ट्र नाही, आणि ते बघून दर वेळी वाईट वाटतं. सासवड-जेजुरी-सुप्याकडचे गवताळ माळ सरकारी नोंदीत पडीक ठरतात, आणि हिरवळ वाढवायची म्हणून तिथे खड्डे खणून गिरिपुष्प, सुबाभूळ लावली जाते. चिंकाऱ्याचं घर बुजतं आणि वृक्षारोपणाचा आकडा वाढतो. आपल्याकडे कुसळीपासून कंदीलपुष्पापर्यंत सगळं जाणणारे अभ्यासक आहेत. त्यांनी एकत्र बसून एका तालुक्याच्या माळांपुरती जरी 0 ते 10 ची यादी केली, तरी खड्डा खणण्याआधी तिथे काय उभं आहे हे आकड्यात सांगता येईल. शिकागोतही सुरुवात दोन जाणकारांनी आपला परिसर पालथा घालूनच झाली होती.

सुरुवात करणाऱ्यांना एवढंच सांगते, पहिला सर्व्हे छोट्या जागेचा करा, शक्यतो तुमच्या गटाने काम सुरू करायच्या आधी. जागेवर असताना कागदावर लिहा, घरी येऊन भरा. ज्या जातीची खात्री नाही ती यादीत टाकू नका, फोटो काढून ठेवा आणि जाणकाराला दाखवा. इथल्या उपनगरांतल्या कुणाला ऑगस्टच्या फेरीला यायचं असेल तर खाली लिहा. भिंग माझ्याकडे एक जास्तीचं आहे, लांब पँट आणि टिक्सचं (गोचिडांचं) औषध आपापलं आणा.